पान उघडेना! घरातल्या जुन्या वायफाय डब्यांबरोबर तीन आठवडे

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पुढचा भाग जुना, दगडी, भिंतीची जाडी जवळजवळ दोन फूट. उन्हाळ्यात या भिंतींचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण वायफाय त्यांच्यापुढं हात टेकतं. सोप्यातल्या, नेटवाल्यांनी बसवलेल्या बॉक्समधलं नेट माजघर ओलांडेपर्यंत दमून जातं. म्हणून २०१२ साली धाकट्या भावजींनी घरात तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुढं पोचवणारे डबे, बसवले: एक सोप्याच्या तुळईला, एक माडीवर, एक मागच्या बाजूला आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत. पहिले दोन त्यांच्या ऑफिसची जागा बदलली तेव्हा अडगळीत निघालेले, तिसरा दुकानातून घेतलेला. भावजी नंतर पुण्याला गेले. डबे राहिले आणि तेरा वर्षं बिनतक्रार चालले. त्यांचं सेटिंगचं एक पान असतं, ते ब्राउझरमध्ये उघडून सगळं बदलता येतं, एवढंच मला ऐकून माहीत होतं.

मी कॉमर्सची. घरून जीएसटीची कामं करते. नेटवर्क हा माझा प्रांत नव्हे. तरीही हे लिहितेय, कारण या तीन आठवड्यांत मी चारपाच वेळा "डबा गेला" असं म्हणून मोकळी झाले होते आणि डबा एकदाही गेलेला नव्हता.

सुरुवात १३ जूनच्या रात्री झाली. पाऊस, विजा, दोनदा लाइट गेली, दुसऱ्यांदा आली ती ट्यूबलाइट भगभगवतच. सकाळी नेटवाल्यांचा बॉक्स बंद. तक्रार नोंदवली, एसएमएसवर नंबर आला, शनिवार-रविवार कुणी फिरकलं नाही. सोमवारी, १६ तारखेला, त्यांचा मुलगा नवा बॉक्स घेऊन आला. अनामत बाराशे रुपये. कनेक्शन आप्पांच्या नावावर. त्यामुळं त्यांचं आधार, एक फोटो आणि ओटीपी. आधारला जोडलेला नंबर आप्पांच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये, तो फोन कपाटात, चार्जर कुणाला ठाऊक. शेजारच्या घरातून चार्जर आणला, फोन जागा केला, तोवर पहिला ओटीपी शिळा झाला. दुसऱ्यावर काम झालं. अशा जोडण्या जुन्या माणसांच्या नावावर असतील, तर तो नंबर चालू आहे का हे अडचण येण्याआधीच बघून ठेवा.

नेट सुरू झालं. तिन्ही डब्यांचं वायफायही पहिल्यासारखंच दिसू लागलं. विषय इथंच संपायचा, पण चिरंजीवांना दहावीनंतर नवा फोन मिळाला होता आणि तो फोन आमच्या वायफायच्या नावाखाली "सुरक्षा कमकुवत" असं लिहून दाखवत होता. त्यात भर म्हणजे मागच्या वर्षापर्यंत माडीवर दोन विद्यार्थी भाड्यानं राहायचे. पासवर्ड त्यांच्याकडं, त्यांच्या मित्रांकडं आणि आता देव जाणे कुणाकुणाकडं. म्हटलं, बॉक्स बदललाच आहे तर डब्यांचे पासवर्डही बदलून टाकू. तासाभराचं काम!

१७ जूनला भावजींना फोन केला. "वहिनी, सोपं आहे. ब्राउझरमध्ये वर १९२.१६८.०.११ टाका. माडीचा १२, आप्पांचा १३." (आकडे टाइप करताना अर्थातच इंग्रजी.) टाकलं. गोल फिरत राहिला आणि शेवटी पान काही आलं नाही. १२ तसंच, १३ तसंच. वायफाय मात्र झकास चालू. हेच मला कळेना. डबा नेट देतोय, मग स्वतःचं तोंड का लपवतोय?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, मग संगीत. पस्तीस मिनिटांनी एक मुलगी बोलली, अगदी अदबीनं. तिनं सिरियल नंबर मागितला. मी टेबलावर स्टूल ठेवून वर चढले, टॉर्च तोंडात धरली आणि तुळईवरच्या डब्याचा नंबर वाचून दाखवला. मग खरेदीची पावती मागितली. तेरा वर्षांपूर्वीची, तीही दुसऱ्याच्या ऑफिसची! तक्रार क्रमांक मिळाला, "४८ तासांत ईमेल येईल" असं सांगितलं. ईमेल सहा दिवसांनी आला: हे उत्पादन आता सहाय्याबाहेर आहे, कृपया नवीन मॉडेल पाहावं. खाली तीन मॉडेलची चित्रं. त्या मुलीला दोष देत नाही, तिच्यासमोरच्या यादीत आमचा डबाच नसणार. पण पस्तीस मिनिटं घालवायची असतील, तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल सहाय्याबाहेर गेलेल्यांच्या यादीत आहे का ते बघा. मी ते नंतर बघितलं.

२० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. त्यामुळं दोन दिवस मी डब्यांकडं वर मान करून बघितलंसुद्धा नाही. ज्यांच्या कामाला तारखा असतात त्यांनी असले उद्योग तारीख उलटल्यावरच काढावेत.

रविवारी, २२ जूनला, भावजींनी व्हिडिओ कॉल केला आणि खरं निदान तेव्हा झालं. त्यांनी लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायला लावली आणि "आयपीकॉन्फिग" टाइप करायला सांगितलं. "तुमच्या लॅपटॉपचा पत्ता काय दिसतो?" मी वाचलं: १९२.१६८.१.७. पलीकडून "अरे हां!" असा आवाज आला.

जुन्या बॉक्सचा पत्ता होता १९२.१६८.०.१. पत्त्यातला तिसरा आकडा म्हणजे गल्ली समजा. घरातली सगळी उपकरणं शून्याच्या गल्लीत राहायची. नवा बॉक्स १९२.१६८.१.१ वाला, म्हणजे सगळ्यांना एकच्या गल्लीतले पत्ते वाटतोय. डब्यांना मात्र भावजींनी २०१२ मध्ये हातानं शून्याच्या गल्लीतले पत्ते दिलेले. ते बिचारे तिथंच बसून. आणि नेट का चालतंय? कारण ॲक्सेस पॉइंट हा नुसता पूल आहे. वायरनं आलेलं वायफायवर सोडायचं आणि वायफायवरचं वायरीत. त्या कामाला त्याला स्वतःचा पत्ता लागतच नाही. पत्ता लागतो तो फक्त त्याच्या पानासाठी. म्हणून पूल चालू आणि पुलाच्या चौकीदाराला कितीही हाका मारल्या तरी ओ नाही, कारण हाक दुसऱ्याच गल्लीत जातेय.

मला वाटलं, मग नव्या बॉक्सलाच शून्याच्या गल्लीत आणू. नेटवाल्यांच्या मुलाला फोन केला. म्हणाला, "वहिनी, बॉक्सचा पासवर्ड आमच्या हातात नसतोय. ऑफिसात लेखी अर्ज द्या." त्यांच्या ऑफिसात गेले. कोऱ्या कागदावर अर्ज, कनेक्शन आप्पांचं म्हणून आप्पांची सही, त्यासाठी परत घरी, परत ऑफिस. शेवटी तोंडी उत्तर: असं करता येत नाही, सेटिंग वरून येतं. एक उपयोगाची गोष्ट मात्र तिथल्या माणसानं सांगितली: त्यांचा बॉक्स घरातल्या उपकरणांना २ ते २०० एवढेच पत्ते वाटतो. ते वहीत लिहून घेतलं. पुढं कामाला आलं.

म्हणजे डब्यांनाच हलवणं भाग होतं. त्यासाठी आधी आपण शून्याच्या गल्लीत जायचं. माझ्या लॅपटॉपला वायरीचं भोकच नाही. २३ तारखेला राजारामपुरीतून यूएसबीला जोडायचा लॅन कन्व्हर्टर आणला, साडेसहाशे रुपये. तीन मीटर केबल एकशेवीस. दुकानदार म्हणाला, "ताई, वायफाय असताना वायर कशाला?" त्याला काय सांगणार!

रात्री जेवणं आटोपल्यावर तुळईवरचा डबा खाली काढला, केबलनं थेट लॅपटॉपला जोडला, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. मग लॅपटॉपला हातानं पत्ता दिला. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत "एनसीपीए डॉट सीपीएल" लिहिलं की नेटवर्कची यादी येते. त्यात आपल्या वायरीच्या जोडणीवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, मग आयपी व्हर्जन फोर. तिथं पत्ता १९२.१६८.०.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. गेटवे रिकामा बघून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण चालतं. आपल्याला बाहेर कुठं जायचंच नाही.

काळ्या खिडकीत पिंग १९२.१६८.०.११. पिंग म्हणजे त्या पत्त्याला मारलेली हाक. आणि चार ओळी आल्या: रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. रात्री पावणेअकराला मी एकटीच सोप्यात हसत बसले होते. पान उघडत नसेल तर आधी पिंग करा. पिंगला उत्तर येत असेल, तर डबा जिवंत आहे, वायर धड आहे, पत्ताही बरोबर आहे. उरलेली भानगड ब्राउझरची.

आणि ती होतीच. रोजच्या ब्राउझरनं पत्ता टाकल्याटाकल्या सांगितलं, ही साइट सुरक्षित जोडणी देऊ शकत नाही. पुढं जायला बटणही नाही. एरवी निदान "तरीही पुढं जा" असं काहीतरी असतं.

याचं कारण भावजींनी दुसऱ्या दिवशी समजावलं. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असलं की ब्राउझर आणि डबा यांच्यात आधी कुलूप-किल्लीची बोलणी होतात. त्या बोलणीची भाषा म्हणजे टीएलएस. आमच्या डब्याला येते ती १९९९ सालची १.० आवृत्ती. २००८ मध्ये १.२ आली, नंतर १.३ आली. जुन्या आवृत्त्यांमध्ये कच्चे दुवे निघाले, म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरवाल्यांनी मिळून जाहीर केलं की २०२० मध्ये १.० आणि १.१ बंद करणार. बँकेच्या व्यवहारांसाठी ते योग्यच. पण तुळईवरच्या डब्याला ही बातमी कोण सांगणार? तो आपला जुन्याच भाषेत बोलतोय आणि समोरच्यानं ती भाषा सोडून दिलीय.

उपाय फायरफॉक्समध्ये मिळाला. वर पत्त्याच्या जागी अबाउट, कोलन, कॉन्फिग असं मध्ये जागा न सोडता लिहायचं. धोक्याची सूचना येते, ती स्वीकारायची. मग शोधायचं: सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन. तिथं ३ असतं, म्हणजे १.२ च्या खालचं चालणार नाही. ते १ करायचं. मी केलं, डब्याचा पत्ता पुन्हा टाकला. आता प्रमाणपत्र ओळखीचं नाही अशी तक्रार आली, पण या वेळी खाली "ॲडव्हान्स्ड" होतं. डबा स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो, त्याला बाहेरचा साक्षीदार नसतो, म्हणून ही तक्रार. डबा आपल्या मांडीवर आहे आणि मध्ये फक्त आपलीच वायर आहे, तर पुढं जायला हरकत नाही. बाहेरच्या कुठल्याही साइटवर मात्र अशी सूचना आली तर मागं फिरा. आणि काम संपलं की तो १ परत ३ करायचा. विसरू नका, मी एक दिवस विसरले होते.

२४ जून, संध्याकाळी साडेसात. पान उघडलं! निळ्या पट्ट्या, बारीक अक्षरं, आणि मधोमध दोन चौकटी: नाव आणि पासवर्ड.

पासवर्ड कुणाला आठवतोय? भावजी म्हणाले, "ॲडमिन-ॲडमिन बघा. नाहीतर पासवर्ड टाका. नाहीतर..." आणि थांबले. "नाहीतर आप्पांच्या स्कूटरचा नंबर असेल. तेव्हा मी सगळीकडं तोच ठेवायचो." स्कूटर विकून पंधरा वर्षं झाली. आमच्या ह्यांना एमएच-०९ च्या पुढं काही आठवेना. मागच्या खोलीत जाऊन आप्पांना विचारलं. आप्पांना सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. पण स्कूटरचा नंबर त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितला, वर "पेट्रोलला एकदम कमी होती" हेही सांगितलं. टाकला. आत!

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे काही न बदलता प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तारीख बघून दचकले, १ जानेवारी १९७०. डब्यात घड्याळाला बॅटरी नसते. बाहेरून वेळ मिळाली नाही की तो तिथूनच मोजायला लागतो. मग वायरलेसच्या पानावर "कमकुवत सुरक्षा" म्हणजे काय ते सापडलं: डब्ल्यूपीए, टीकेआयपी. ही पद्धत २००३ साली जुन्या उपकरणांना तात्पुरतं टेकण म्हणून काढलेली. तिच्या शेजारीच डब्ल्यूपीए-२ एईएस असा पर्याय तेरा वर्षं कुणीतरी निवडण्याची वाट बघत बसला होता. २००६ पासून वायफायचा शिक्का हवा असेल, तर तो देणं सक्तीचंच होतं.

आणखी एक गोष्ट कळली, तिचं मला जास्त वाईट वाटलं. टीकेआयपी ठेवलं की एन प्रकारच्या डब्यालाही जुन्या जी प्रकाराच्याच वेगावर, म्हणजे कागदोपत्री ५४ एमबीपीएसवर, थांबावं लागतं. नियमच तसा आहे. एवढी वर्षं आम्ही भिंतींना शिव्या घालत होतो! एईएस केल्यावर सोप्यात वेग मोजला. पूर्वी वीसच्या आसपास यायचा, आता पंचावन्न ते साठ.

बदलांचा क्रम महत्त्वाचा, हे मी ठेच खाऊन शिकले. उत्साहात मी डब्याचा पत्ताच सर्वांत आधी बदलला: १९२.१६८.१.२५१. बॉक्स २०० पर्यंतच वाटतो, म्हणून त्याच्या पलीकडचा. सेव्ह दाबलं आणि पान गायब. पाच मिनिटं थांबले, काही नाही. झालं, गेला डबा, असं म्हणून मी ह्यांना हाका मारल्या. मग डोक्यात प्रकाश पडला की डबा आता एकच्या गल्लीत राहायला गेला आणि माझा लॅपटॉप शून्याच्याच गल्लीत उभा! लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० केला आणि पान हजर. तेव्हा आधी वायफायचं नाव, सुरक्षा, पासवर्ड, चॅनेल हे सगळं करा, आणि पत्ता सगळ्यांत शेवटी. आणखी एक: डब्याच्या पानावर डीएचसीपी सर्व्हर असेल, तर तो बंदच हवा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा, तो म्हणजे बॉक्स. दोघं वाटायला लागले तर कुणाचं नेट कधी जाईल सांगता येत नाही.

माडीवरच्या डब्याला स्कूटरचा नंबर चालला नाही. ॲडमिनही नाही. शनिवारी, २८ जूनला, तो फॅक्टरी रिसेट केला. मागं टाचणीएवढं भोक असतं. डबा चालू असताना त्यात पेपरक्लिप घालून दहा सेकंद दाबून धरायचं, दिवे एकदम लुकलुकले की सोडायचं. मी पहिल्यांदा पाचच सेकंद दाबलं, तो नुसताच बंद-चालू झाला आणि जुना पासवर्ड तसाच. रिसेटनंतर डबा कंपनीच्या मूळ पत्त्यावर जातो. तो पत्ता आणि मूळ पासवर्ड बहुधा खालच्या स्टिकरवर असतो. आमच्या स्टिकरवर पालीनं कृपा केली होती, पण ओल्या फडक्यानं हलकं पुसल्यावर आकडे दिसले. रिसेट झाल्या क्षणी बऱ्याच जुन्या डब्यांचं वायफाय बिनपासवर्डाचं, सताड उघडं होतं. म्हणून घरच्या वायरीतून काढून, फक्त लॅपटॉपला जोडूनच हे करा.

बाकी पहिल्यासारखंच. अर्ध्या तासात उरकलं. पत्ता २५२.

तिसऱ्यानं मात्र रडवलं. हा दुकानातून आणलेला. याचं पान साध्या एचटीटीपीवर, त्यामुळं कुलूप-किल्लीची भानगड नाही. पासवर्ड ॲडमिन-ॲडमिनच. (तेरा वर्षं! आप्पांच्या खोलीतून कुणीही काहीही बदलू शकलं असतं.) पान छान उघडलं, पण डावीकडची यादी अर्धीच दिसायची आणि सेव्हचं बटण दाबलं तरी ढिम्म. फायरफॉक्समध्ये तेच, दुसऱ्यात तेच. असली पानं इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात त्याच्याच मापानं शिवलेली असतात. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. पण मायक्रोसॉफ्टनं आपल्या एज ब्राउझरमध्ये त्याचा अवतार ठेवलाय, आयई मोड म्हणून. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरच्या पानावर "इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये साइट पुन्हा उघडू द्या" याला परवानगी द्यायची, एज बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि खालच्या यादीत डब्याचा पत्ता घालायचा. ती नोंद तीस दिवसांनी आपोआप जाते. यादी पूर्ण दिसली, बटणाला जीव आला.

सेव्ह दाबलं. डबा रीस्टार्ट झाला. परत पान उघडलं, सगळं जुनंच. पुन्हा बदललं, सेव्ह, रीस्टार्ट, जुनंच. तीन रात्री हेच. ३० जूनच्या रात्री मी वैतागून म्हटलं, नवीन घेऊ. ह्यांनी ही संधी सोडली नाही. "हे मी पहिल्याच दिवशी म्हणत होतो." खरंय ते. नवे तीन घेतले असते तर सहा-सात हजारांत काम झालं असतं आणि सुरक्षेच्या सुधारणाही मिळत राहिल्या असत्या. जुन्या डब्यांना त्या आता मिळणार नाहीत, हे मी नाकारत नाही. ज्यांच्या घरी पैशाची आणि वेळेची गणितं वेगळी आहेत, त्यांनी सरळ नवेच घ्यावेत. माझं म्हणाल तर हट्टानं घेतलं होतं.

२ जुलैला तो डबा पिशवीत घालून शाहूपुरीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडं नेला. त्यांनी डब्याला हातच लावला नाही. ॲडाप्टर बघून विचारलं, "ह्यो ह्याचा न्हवं?" खरंच नव्हता. मूळचा कधीतरी जळाला तेव्हा कुणीतरी जुन्या सेट टॉप बॉक्सचा लावला होता. डब्यावर लिहिलंय १२ व्होल्ट, १ अँपिअर. ॲडाप्टर १२ व्होल्टचा, पण अर्ध्या अँपिअरचा. काकांनी मीटर लावून दाखवलं. डबा शांत बसलेला असताना ११.८, आणि वायफाय सुरू करून काम लावलं की नऊच्या खाली. "दिवं लागत्यात म्हणून माणसं फसत्यात," काका म्हणाले. सेव्ह करताना सगळ्यात जास्त ओढ लागत होती, नेमका तेव्हाच वीज कमी पडून डबा लिहिता लिहिता कोलमडत होता. नवा ॲडाप्टर एकशेऐंशी रुपये. तपासणीचे घेतले नाहीत. ॲडाप्टर बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आत अधिक की उणे हे डब्यावरच्या खुणेशी जुळलं पाहिजे.

त्याच रात्री पहिल्याच फटक्यात सेव्ह झालं. पत्ता २५३.

शेवटी तिघांची चॅनेल वेगळी केली: सोपा १, माडी ६, आप्पा ११. २.४ गीगाहर्ट्झच्या या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल धरायची तर हीच तीन. नाव आणि पासवर्ड मात्र तिघांचा एकच, म्हणजे घरात फिरताना फोन आपला आपण डबा बदलतो. फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्रॅम, नवं करायच्या फंदात मी पडले नाही. कंपनीच्या पानावरचा दुवा मेलेला आणि कुठल्यातरी अनोळखी साइटवरून फाइल घेऊन चढवायची छाती नाही. त्यात जुलैतला पाऊस. ते चढवताना मध्येच लाइट गेली तर डबा खरोखरच जातो म्हणे, आणि मग पिंग-बिंग काही कामाचं नाही.

एकूण खर्च: अनामत सोडून नऊशे पन्नास रुपये. बस आणि रिक्षा मोजलेली नाही.

६ जुलैला आषाढी. आप्पा पंढरपूरची शासकीय महापूजा दरवर्षी बघतात, त्यासाठी अडीचला उठून बसतात. यंदा टॅब्लेटवर बघायची, असं नातवानं त्यांना कबूल केलेलं. तीनच्या सुमारास लाइट गेली. मी अंधारात पडल्या पडल्या मोजत होते. दहाएक मिनिटांनी आली. बॉक्स उठायला दीड मिनिट, डबे उठायला एक. आता आप्पांच्या खोलीतला सगळं विसरून परत १९७० मध्ये गेला नाही म्हणजे मिळवली. तेवढ्यात मागून टाळ ऐकू आले आणि आप्पांची हाक, "लागलं गं!"

सकाळी फराळाच्या वेळी त्यांनी विचारलं, "नंबर स्कूटरचाच ठेवलायस न्हवं?" म्हटलं नाही आप्पा, बदलला. वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढं धरलं. तिन्ही डब्यांचे पत्ते, पानाचा पासवर्ड, वायफायचा पासवर्ड. त्यांनी चष्मा लावून ती सोळा अक्षरं एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"आणि हे पाठ कुणी करायचं?"